क्लास नाही, इंग्रजी बोलणारं कोणी नाही. गावात राहून इंग्रजी कसं सुधारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही पाच मित्रमैत्रिणी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने कॉलेजला जाता. बी.ए.चं दुसरं वर्ष, शिक्षण मराठीतून. इंग्रजी वाचलेलं बऱ्यापैकी कळतं, पण बोलायला तोंड उघडत नाही. एक म्हणतो शब्द पाठ करू, दुसरी म्हणते व्याकरणाचं पुस्तक आणू, तिसरा म्हणतो आपसात इंग्रजीतच बोलू.

तिन्ही कल्पनांमध्ये एकच उणीव आहे. चूक झाली हे सांगणार कोण? पाचही जण "आय हॅड गॉन टू यवतमाळ यस्टर्डे" म्हणणारे असतील, तर वर्षभर आपसात बोलून तीच चूक पक्की होईल. गावात क्लास नसल्यापेक्षा चूक दाखवणारं माणूस नसणं जास्त नडतं. म्हणून आधी अशी पद्धत सांगतो, जिच्यात छापलेला उताराच तुमचा गुरुजी होतो.

सहावी किंवा सातवीचं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक घ्या. घरात धाकट्या भावंडाचं असेलच, नसेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतं. बी.ए.ला असून सहावीचं पुस्तक का, म्हणून लाजू नका. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तुम्हाला येतो, त्यामुळे सगळं लक्ष वाक्य कसं बांधलंय याकडे देता येतं. कविता सोडा, गद्य पाठातल्या आठ ओळी निवडा. पहिल्या दिवशी त्या मोठ्याने पाच वेळा वाचा आणि वहीच्या डाव्या पानावर त्यांचं मराठी करा. पुस्तकी मराठी नको, घरी बोलता तशीच लिहा. मग पुस्तक बंद. दुसऱ्या दिवशी फक्त ती मराठी बघून उजव्या पानावर पुन्हा इंग्रजी लिहा, आणि मगच पुस्तक उघडून लाल पेनाने शब्दाला शब्द ताडून बघा.

आठ ओळींत पहिल्यांदा पंधरा-वीस लाल खुणा निघाल्या तरी घाबरू नका. कुठे 'द' राहिलं, कुठे 'इन'च्या जागी 'ऑन' पडलं, कुठे क्रियापदाचा 'एस' गेला, हे सगळं तुमचं स्वतःचं, तुमच्याच हातचं कच्चेपण असतं. बाजारातलं व्याकरणाचं पुस्तक सगळ्यांच्या सगळ्या चुका शिकवतं, ही वही फक्त तुमच्या दाखवते. मात्र दुसऱ्या दिवशीचं काम त्याच दिवशी उरकू नका. पाठ ताजा असताना तुम्ही आठवणीतून उतरवता आणि चूक निघतच नाही. तुमचा शब्द वेगळा पण बरोबर असेल, तर तिथे लाल खूण नको. (मी इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत देतोय. तुमच्या वहीत ती इंग्रजी लिपीतच हवीत, नाहीतर स्पेलिंग आणि उच्चार दोन्ही बिघडतात.)

तीन-चार आठवड्यांनी लाल खुणा मोजा. त्या चार-पाच जागीच गोळा झालेल्या दिसतील, आणि त्यातल्या काही थेट आपल्या वऱ्हाडीतून आलेल्या असतील. वऱ्हाडीचा आधी फायदा बघा. "पानी येऊन राह्यलं" म्हणजे "इट इज रेनिंग", "आई कापूस वेचून राह्यली" म्हणजे "मदर इज पिकिंग कॉटन". चालू क्रियेसाठी आपल्याकडे 'राह्यला' हे वेगळं रूप ठसठशीत आहे. जिथे सहज 'राह्यला' येतो, तिथे बहुतेक वेळा इंग्रजीत 'इज' आणि 'आयएनजी' येतं. रोजची सवय सांगताना आपण "बाबा सकाळी शेतात जातात" म्हणतो, तिथे साधं "गोज". हा फरक पुस्तकात चार पानं खातो, तुम्हाला तो घरूनच मिळालाय.

पण हाच 'राह्यला' एके ठिकाणी फसवतो. "मले समजून नाही राह्यलं" हे "आय अॅम नॉट अंडरस्टँडिंग" होत नाही, "आय डोन्ट अंडरस्टँड" होतं. नो, अंडरस्टँड, वॉन्ट, नीड, लाइक, बिलीव्ह आणि मालकी सांगणारं हॅव, ही सात क्रियापदं एका कागदावर लिहून भिंतीला लावा. त्यांना 'आयएनजी' जोडायचं नाही. म्हणून "आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स" नाही, "आय हॅव टू ब्रदर्स".

दुसरी जागा 'गेलो होतो'ची. मराठीत कालची साधी गोष्टही आपण "काल यवतमाळले गेलो होतो" अशीच सांगतो, म्हणून 'हॅड' तोंडात येतं. इंग्रजीत तिथे नुसतं "आय वेन्ट". 'हॅड' लागतं ते भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती झाली हे दाखवायचं असेल तेव्हा. "आम्ही स्टँडवर पोचलो तोवर एसटी निघून गेली होती" : "व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट". तिसरी जागा 'पासून'ची. "दोन वर्षांपासून इथं राहतो" याचं "फ्रॉम टू इयर्स" करू नका : "आय हॅव लिव्ड हिअर फॉर टू इयर्स". किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स', जसं "सिन्स जून". आणि 'चर्चा कशाबद्दल' या सवयीने 'डिस्कस'पुढे 'अबाऊट' लावू नका, तिथे काहीच लागत नाही.

आता तोंडाकडे. त्याच आठ ओळी गूगल ट्रान्सलेटमध्ये टाका आणि स्पीकरचं चिन्ह दाबा. पुन्हा दाबलं की ते हळू वाचतं. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तसंच म्हणायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि दोन्ही लागोपाठ ऐकायचं. नुसतं ऐकून आपला उच्चार बरोबरच वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये फरक उघडा पडतो. सगळ्यात आधी तीन गोष्टी सुधारा. 'इस्कूल', 'इस्टेशन' होत असेल तर 'स' सेकंदभर लांबवा, स्स्स्‌कूल, सुरुवातीचा 'इ' आपोआप गळतो. दुसरं, भूतकाळाचा 'ईडी' : वॉक्ट, वॉश्ट इथे ट, प्लेड, ओपन्ड इथे ड, मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा डचाच आवाज असेल तरच 'इड', जसं वॉन्टिड, नीडिड. 'वॉकेड' असा उच्चार कुठेच नाही. तिसरं, 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वेस्ट' म्हणताना ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. यापुढे परदेशी लकबीच्या मागे लागू नका, समोरच्याला पहिल्यांदाच कळलं म्हणजे पुरे.

एसटीतला वेळ ऐकण्यासाठी ठेवा. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम फुकट आहे आणि त्याची संहिताही मिळते. नेटवर्क असेल तिथेच डाउनलोड करून ठेवा. एकच भाग चार दिवस ऐका, तिसऱ्या दिवशी संहिता समोर धरून. रोज नवा भाग लावला तर कान नुसता आवाज ऐकतो, शब्द सुटे होत नाहीत.

वाचनासाठी 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेलं नागपूरचं 'द हितवाद' मला तुमच्यासाठी सगळ्यात सोयीचं वाटतं. आधी 'लोकमत' किंवा 'देशोन्नती'त एखादी बातमी मराठीत वाचा, मग तीच तिथे शोधा. घटना माहीत असली की अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भानेच लागतो. शंभर शब्दांत पाचापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर ती बातमी सोडून दुसरी घ्या. फवारणीच्या औषधाच्या डब्यासोबत येणारं घडीचं पत्रकही वाया घालवू नका. इंग्रजी आणि मराठी दोन्ही मजकूर असेल तर आज्ञार्थी वाक्यं शिकायला त्याहून चांगलं काही नाही, आणि ते वाचणं घरच्यांच्या जिवासाठीही गरजेचं आहे. डबा उघडण्याआधीच ते काढून घ्या.

शब्दांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचे जाड तुकडे कापा. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. सुटा शब्द नको. रोज सात पुरे. आलं ते तीन दिवसांनी बघा, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. चुकलं की उद्याच.

आपसात बोलणं हे पहिला महिना संपल्यावर सुरू करा, आणि "व्हॉट इज युवर नेम"ने नको, ते पाच मिनिटांत संपतं. एक विषय घ्या ज्याचा निबंध गाईडमध्ये नाही : तान्हा पोळा कसा असतो, कापूस वेचणीचा दिवस, एसटी चुकली तेव्हा. दोन जोड्या करा, पाचवा घड्याळ बघेल. तीच गोष्ट पहिल्या जोडीदाराला चार मिनिटांत, जोडी बदलून दुसऱ्याला तीन मिनिटांत, पुन्हा बदलून तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. मजकूर तोच राहतो, वेळ कमी होतो, म्हणून तिसऱ्या वेळी अडखळणं घटतं. मध्येच कोणी कोणाला टोकायचं नाही, शेवटी प्रत्येकाने एकच चूक सांगायची. आणि "लय इंग्रजी झाडून राह्यला" हे वाक्य गटात बंद. अशा एका टोमण्याने लाजरी मुलगी महिनाभर गप्प होते.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे करा. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजानुसार ए2 पातळी, म्हणजे सोपं इंग्रजी समजण्याची पायरी, गाठायला 180 ते 200 तास लागतात, तर बी1, म्हणजे रोजचं कामकाज बोलून निभावण्याची पातळी, गाठायला एकूण 350 ते 400 तास. तुम्ही वाचून समजता, म्हणजे साधारण ए2 धरू. उरतात दीड-दोनशे तास. रोज चाळीस मिनिटं म्हणजे महिन्याला वीस तास, म्हणून आठ ते दहा महिने. वेचणीच्या दिवसांत चाळीस मिनिटं मिळणार नाहीत, तेव्हा दहा मिनिटं मोठ्याने वाचन तेवढं सोडू नका.

आणि दर पंधरा दिवसांनी कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना भेटा. अख्खी वही पुढे करू नका, त्यांनाही वेळ नसतो. ताडून बघूनही जी दोन वाक्यं का चुकली ते कळलं नाही, फक्त ती वेगळ्या कागदावर लिहून न्या. असा नेमका प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक शिक्षक स्टाफरूमच्या दारात उभ्याउभ्याही समजावून सांगतात.