स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: दारावरच्या स्टिकरवर पुढे ३३ आणि मागे ३६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लिहिलंय, टायर बदलताना चारही चाकांत सरसकट ४० भरून मिळाली, मित्र म्हणतो ग्रिप हवी तर २८ वर आणा आणि टायरच्या कडेवर ५१ छापलंय. शिवाय ४० झाल्यापासून गाडी खड्ड्यांवर उडते आणि वळणात तिचं नाक बाहेर जातं.

सुरुवात स्टिकरपासूनच करा. गाडीचं वजन पुढे-मागे कसं वाटलंय, सस्पेन्शन किती कडक आहे, टायरचा साइज काय, वेग किती गाठता येतो, हे सगळं धरून कंपनीने तो आकडा काढलेला असतो. कडेवरचा ५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तोच टायर दहा वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवा लागते हे त्या आकड्यावरून कळत नाही.

स्टिकरवरचा आकडा मात्र थंड टायरचा असतो, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीडेक किलोमीटर सावकाश चाललेली. पंपापर्यंत जोरात नेलीत तर टायर सहज ३-४ पीएसआयने वर गेलेला असतो. तिथे ३६ दिसले म्हणून हवा सोडून ३३ केलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर ३० दाखवेल. बाहेरचं तापमान १० अंशांनी बदललं तरी दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो. गाडी एका अंगाने उन्हात उभी असेल तर त्या बाजूचे दोन टायर जास्त दाखवतात, म्हणून मोजायचं ते सकाळी, सावलीत. आणि दर वेळी एकाच गेजने मोजा. पंपावरच्या गेजवर माझा भरवसा नाही; स्वतःचा एक चांगला गेज घ्याच.

आता सरसकट ४० बद्दल. पुढच्या-मागच्या प्रेशरमधला फरक हा गाडीच्या स्वभावाचा भाग असतो. ९९६ पिढीच्या पोर्शे ९११ ला पुढे ३६ आणि मागे ४४ सांगितलेलं आहे, कारण तिचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसतं. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ हलकी, वजन पुढे-मागे जवळपास समान, म्हणून तिला चारही चाकांत २६ पुरतं. दोन्ही अस्सल स्पोर्ट्स कार, तरी आकडे इतके लांब. तुमच्या गाडीत पुढे ७ आणि मागे ४ जास्त भरली गेली आहे. पुढचे टायर जास्त ताठ झाले, त्यांची पकड मागच्यांपेक्षा अधिक घटली, म्हणून नाक बाहेर जातं. सस्पेन्शनला हात लावण्याआधी ३३-३६ करून बघा.

मित्राचा २८ चा सल्ला अर्धा बरोबर आहे. हवा कमी केली की टायरचा रस्त्याला टेकणारा भाग वाढतो. पण एका मर्यादेनंतर टायरची कड दुमडायला लागते, भार दोन्ही खांद्यांवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या दोन टोकांवर येतो, स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते आणि टायर आतून तापतो. सलग मोठ्या वेगात हे धोक्याचं आहे, टायर फुटू शकतो. पाण्यावर तर आणखी वाईट. विमानांच्या टायरसाठी नासाने काढलेलं एक ढोबळ सूत्र आहे: प्रेशरच्या वर्गमुळाला ९ ने गुणलं की टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगेल ते नॉट्समध्ये मिळतं (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). ३६ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो, २५ ला सुमारे ८३. कारच्या टायरला नक्षी असते, त्यामुळे आकडे हुबेहूब लागू होत नाहीत, पण दिशा तीच. म्हणून रस्त्यावर स्टिकरपेक्षा एखाद-दोन पीएसआय वर चालेल, खाली नको.

नवे टायर एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त भार पेलणाऱ्या) प्रकारचे आहेत का, तेही बघा. साध्या टायरची भारक्षमता साधारण ३६ पीएसआयला धरतात, एक्सएलची ४२ ला. म्हणजे तेवढंच वजन पेलायला एक्सएलला थोडी जास्त हवा लागू शकते. प्रकार किंवा साइज बदलला असेल तर टायर कंपनीचा लोड टेबल (किती प्रेशरला किती भार पेलतो याचा तक्ता) बघूनच आकडा ठरवा. टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणाऱ्या डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या नियमानुसार तो प्रेशर २५ टक्क्यांनी घटल्यावर लागणं बंधनकारक आहे, म्हणजे तुमच्या पुढच्या चाकांत जवळपास २५ उरल्यावर. नायट्रोजनवर पैसे घालवू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

ट्रॅकवर जायचं म्हणालात, तिथे हिशेब उलटा होतो. तिथे गरम टायरचं प्रेशर महत्त्वाचं, कारण काही लॅप्समध्येच ते ६-८ पीएसआयने चढतं. स्टिकरपेक्षा ३-४ कमी ठेवून सुरुवात करा, पहिली लॅप सावकाश घ्या आणि पिटमध्ये येताक्षणी चारही चाकं मोजून लिहून ठेवा. टायर कंपनीने गरम प्रेशर सांगितलं असेल तर तेच लक्ष्य धरा. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळे डावे टायर अधिक तापतात. गरम असताना दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर टायर थंड असताना डावीकडे थोडी कमी ठेवावी लागते. टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ ओढा. बऱ्याच टायरवर तिथे छोटा त्रिकोण असतो. खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर हवा कमी आहे, त्रिकोणाच्या बराच वर शाबूत राहिला तर जास्त. बदल एका वेळी एक-दोन पीएसआयचाच करा.

ट्रॅकवर गरम टायरमधून सोडलेली हवा घरी निघण्यापूर्वी परत भरा, नाहीतर रस्त्यावर टायर थंड झाले की ते २६-२७ वर येतील. त्यासाठी डिकीत छोटा कंप्रेसर ठेवा. टायर तेव्हाही कोमट असणार, म्हणून ३-४ पीएसआय जास्तच भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मोजून ३३-३६ वर आणा.