बिनपाण्याच्या लिक्विड डिटर्जंटमधलं परकार्बोनेट पावसाळ्यातच का फुटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीत छोटं युनिट आहे. पाणी न घालता लिक्विड डिटर्जंट काढता. मेमधली बॅच बरी टिकली, पण जुलैमधल्या बॅचच्या बाटल्या तीन आठवड्यांत फुगल्या. झाकण उघडलं की फुस्स आवाज, व्हिनेगरसारखा वास, चहाच्या डागावर परिणाम शून्य. रेसिपीत ४५ टक्के नॉनआयॉनिक सर्फॅक्टंट, म्हणजे विद्युतभार नसलेलं मळ काढणारं द्रव्य (९० टक्के ॲक्टिव्ह), ट्रायइथेनॉलअमाइनने न्यूट्रल केलेलं लॅब्सा (डिटर्जंटचं मूळ आम्ल), ग्लिसरीन, झिओलाइट (पाणी मऊ करणारी पावडर), १२ टक्के परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडणारं ब्लीच) आणि ३ टक्के टीएईडी (ब्लीचला चालना देणारं द्रव्य). पाणी घातलंच नाही, मग ब्लीच मरतं कशाने?

पाणी तुम्ही घातलेलं नाही, पण ते आत आहे, आणि भरपूर आहे.

आधी नॉनआयॉनिक बघा. ९० टक्के ॲक्टिव्ह म्हणजे उरलेलं १० टक्के बहुतेक पाणीच. १०० किलोच्या बॅचमध्ये ४५ किलो घातलंत तर साडेचार किलो पाणी तिथेच आलं. दुसरा चोर झिओलाइट. डिटर्जंट ग्रेडचं ४ए झिओलाइट हाताला कोरडं ठणठणीत लागतं, पण त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणी असतो. १० किलो घातलं की आणखी दोन किलो. शिवाय झिओलाइटच्या पृष्ठभागावर परकार्बोनेट जलद फुटतं, म्हणजे दुहेरी नुकसान. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला स्वतःत विरघळवून घेतं. परकार्बोनेट टिकतं ते न विरघळता कोरडा कण म्हणून राहिलं तरच.

लॅब्सा कॉस्टिकऐवजी अमाइनने न्यूट्रल केलंत, त्यामागचा विचार बरोबर होता. कॉस्टिकने दर ३२० ग्रॅम लॅब्सामागे १८ ग्रॅम पाणी नव्याने तयार होतं, लायमधलं (कॉस्टिकच्या द्रावणातलं) पाणी वेगळंच. अमाइनने ते होत नाही. पण तेच अमाइन पेरॉक्साइडने ऑक्सिडाइझ होतं, माल पिवळा पडतो आणि ब्लीच त्यात खर्ची पडतं. आणि न्यूट्रल करताना आम्ल थोडं जरी जास्त राहिलं तरी ते कार्बोनेटवर तुटून पडतं. मग बाटली ऑक्सिजनबरोबर कार्बन डायऑक्साइडनेही फुगते. ॲनआयॉनिक (लॅब्सासारखं ऋणभाराचं सर्फॅक्टंट) हवंच असेल तर सुकं सोडियम एलएएस, म्हणजे लॅब्साच्याच सोडियम मिठाची पावडर घ्या.

आता एका बाटलीचा हिशेब. १ किलोच्या बाटलीत १२० ग्रॅम कोटेड परकार्बोनेट, त्यात सुमारे १३ टक्के ॲक्टिव्ह ऑक्सिजन, म्हणजे १५.६ ग्रॅम. सगळं फुटलं तर ३० अंशांना साधारण १२ लिटर वायू. म्हणजे फक्त ५ टक्के फुटलं तरी ६०० मिली, आणि तुमच्या बाटलीत वर मोकळी जागा फार तर ५० मिली. बाटली फुगणारच. त्याहून वाईट म्हणजे पेरॉक्साइड फुटताना ऑक्सिजनबरोबर पाणीही सुटतं: १० टक्के फुटलं की पावणेदोन ग्रॅम. ते शेजारच्या कणाला ओलं करतं आणि गाडी स्वतःच वेग घेते. म्हणूनच पहिले आठ-दहा दिवस सगळं छान दिसतं आणि मग एकदम घात होतो.

व्हिनेगरचा वास टीएईडीचा. ओलावा आणि अल्कली मिळाले की टीएईडी बाटलीतच पेरॉक्साइडशी भिडतं. जे पेरॲसेटिक आम्ल धुलाईच्या टबात तयार व्हायला हवं होतं, ते शेल्फवरच होऊन जातं.

मे आणि जुलैमधला फरक हवेचा, हे उघड आहे; पण शेडमधली हवा भांड्यात कोंडली जाते त्याने फार काही होत नाही. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. तुमच्या भांड्यावरच्या शंभर लिटर हवेत अडीच ग्रॅमच. खरं नुकसान तीन ठिकाणी होतं. एक, उघड्या भांड्यात स्टिरर जोरात फिरवून भोवरा पाडणं: तासन् तास ताजी दमट हवा आत खेचली जाते. दोन, धुतलेल्या बाटल्या. लिटरच्या बाटलीत दोन मिली पाणी राहिलं तर ते ०.२ टक्के झालं. बाटल्या धुऊ नका, नव्या घ्या आणि कोरड्या हवेने फुंकून घ्या. तीन, आवारात उभे ठेवलेले ड्रम. पाऊस पडला की ड्रमच्या कडेच्या आत वर तळं साचतं. रात्री गारव्याने आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यातून तेच पाणी आत शोषलं जातं. ड्रम आडवे ठेवा, दोन्ही बुचं एकाच आडव्या रेषेत येतील असे, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. नाहीतर सरळ छपराखाली घ्या.

नवी बॅच सुरू करायला एक चौकट देतो, १०० किलोसाठी. सी१२-१४ अल्कोहोल ७ ईओ (हाही नॉनआयॉनिकच; ईओ म्हणजे त्याला जोडलेले इथिलीन ऑक्साइडचे एकक), ९९ टक्क्यांवरचा, ३२ किलो. ५ ईओ १४. ब्यूटाइल कार्बिटॉल (सॉल्व्हंट) १२. नुसता ७ ईओ गार हवेत गोठतो आणि पाण्यात पडल्यावर जेलच्या गुठळ्या होतात, म्हणून हे दोन सोबत. मग लाइट सोडा ॲश १४, सुकं एलएएस ८, कोटेड परकार्बोनेट १२, दाणेदार टीएईडी ३, एचईडीपीचं (धातू बांधून ठेवणारं द्रव्य) सुकं सोडियम मीठ १, हायड्रोफोबिक फ्यूम्ड सिलिका १.५, सीएमसी (मळ कपड्यावर परत बसू न देणारं) ०.८, एन्झाइमचे कोटेड दाणे १, सीबीएस-एक्स (कपडा उजळ दाखवणारं) ०.१, सुगंध ०.६. सुगंधात अल्डिहाइड आणि युजेनॉल जातीची द्रव्यं जास्त असतील तर ती ब्लीच खातील. सप्लायरला आधीच सांगा की माल पेरॉक्साइडमध्ये जाणार आहे.

क्रम पाळा, इथे घाई नको. द्रव भाग आणि सोडा ॲश, एलएएस, एचईडीपी, सीएमसी, सिलिका आधी एकत्र करा, हाय शिअरवर (जोरात घोटणाऱ्या मिक्सरवर) बारीक करा, मग ८० ते ९० अंशांना व्हॅक्यूममध्ये दोन तास सुकवा. व्हॅक्यूम तोडताना शेडची हवा नको, नायट्रोजन सोडा. मग कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण मोजणारी चाचणी) करा. हे परकार्बोनेट घालण्याच्या आधीच करायचं. नंतर केलंत तर पेरॉक्साइड अभिकर्मकाशी गडबड करतं आणि आकडा खोटा येतो. ०.३ टक्क्याच्या वर असेल तर पुन्हा सुकवा. व्हॅक्यूम भांडं नसेल तर फक्त द्रव भाग ३ए मॉलिक्युलर सीव्हच्या मण्यांतून दोन-तीन वेळा फिरवा आणि मणी गाळून काढा. मालात राहू देऊ नका. ‘सोडियम सल्फेट ओलावा धरेल’ असं कुणी सांगेल. सल्फेटचं दहा पाण्यांचं मीठ ३२.४ अंशांवर पाणी सोडून देतं, आणि आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलपासूनच त्याहून जास्त असतं.

माल ३५ अंशांखाली आला की टीएईडी, एन्झाइम, सुगंध आणि सगळ्यात शेवटी परकार्बोनेट, हळू स्टिररवर. परकार्बोनेट कोलॉइड मिलमधून (कण दळणाऱ्या यंत्रातून) कधीही काढू नका. त्याचं कोटिंग फुटलं की आपण पैसे कशाचे दिले, असा प्रश्न पडेल.

मग गाळ बसण्याचं. परकार्बोनेटचा कण भोवतालच्या द्रवापेक्षा दुपटीने जड. ३०० मायक्रॉनचा कण १००० सेंटिपॉइज (घट्टपणाचं माप) इतक्या द्रवात तासाला साधारण १९ सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे तासाभरात बाटलीचा तळ. ५० मायक्रॉनचा घेतला तरी दिवसाला १३ सेंटिमीटर. म्हणजे नुसतं घट्ट करून भागत नाही. माल स्थिर असताना कण धरून ठेवणारी बांधणी लागते, आणि ती सिलिका देते. दोन-तीन पास्कलचा यील्ड (माल वाहू लागण्यासाठी लागणारा किमान ताण) ठेवा आणि बारीक ग्रेड मागा. व्हिस्कोमीटर नसेल तर उंच मोजपात्रात भरून ४० अंशांना चार आठवडे ठेवा. वरचा स्वच्छ थर एकूण उंचीच्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको.

धातूंची काळजी वेगळी. लोखंड, तांबं आणि मँगनीज अगदी थोडे असले तरी पेरॉक्साइड फोडतात. भांडं, स्टिरर आणि व्हॉल्व्ह ३१६ स्टेनलेसचे असू द्या, पितळी कॉक काढून टाका. एचईडीपी त्यासाठीच आहे, पण गंजक्या पंपाचं पाप तो फेडू शकत नाही.

तपासायला महाग यंत्र लागत नाही. १०० ग्रॅम माल फ्लास्कमध्ये, बूच आणि नळी, नळीचं टोक पाण्याच्या भांड्यात उलट्या ठेवलेल्या मोजनळीत. फ्लास्क ४० अंशांना ठेवा, तास थांबा (हवा प्रसरण पावते ती मोजू नका), मग शून्य धरा. १२ टक्के परकार्बोनेट असेल तर १२ मिली वायू म्हणजे १ टक्का ब्लीच गेलं. दिवसाला एक-दोन मिलीच्या वर गेलं तर बॅच भरू नका. आठवड्यातून एकदा आयोडोमेट्री (सुटलेल्या आयोडीनवरून ब्लीच मोजणं) करा: हलवून घेतलेला १ ग्रॅम नमुना थंड सौम्य सल्फ्युरिक आम्लात, पोटॅशियम आयोडाइड, अमोनियम मोलिब्डेटचे थेंब, पाच मिनिटं अंधारात, मग ०.१ नॉर्मल थायोसल्फेट. ताज्या मालाला १९-२० मिली लागतील. चार आठवड्यांनी १७ वर आलं तर पॅकिंगआधी थांबा. परमँगनेटने करू नका, नॉनआयॉनिक आणि ब्यूटाइल कार्बिटॉल परमँगनेटही थोडं खातात.

बाटली एचडीपीईचीच, पण ग्रेड विचारून घ्या. नॉनआयॉनिक सर्फॅक्टंट एचडीपीईला ताणाच्या जागी तडे पाडतो. त्या तड्यांची चाचणीच अशा सर्फॅक्टंटमध्ये करतात. ईएससीआर (असे तडे न जाऊ देण्याची ताकद) जास्त असलेला को-पॉलिमर ग्रेड मागा. व्हेंट कॅप घेतली तर दाब सुटेल, पण पावसाळ्यात ओलावाही आत येईल. मी ती फुगीवर इलाज म्हणून न घेता विमा म्हणून घेईन.

एक कडक इशारा. परकार्बोनेट रुसतंय म्हणून पूलमधली टीसीसीए पावडर किंवा डायक्लोर (दोन्ही क्लोरीनची ब्लीच) या द्रवात घालून बघायचा मोह होऊ देऊ नका. सेंद्रिय द्रवात क्लोरीनचं ब्लीच मिनिटांत पेट घेऊ शकतं. हायपोक्लोराइटचाही विचार नको. परकार्बोनेटच्या २५ किलोच्या गोणीवर थोडं नॉनआयॉनिक सांडलं तरी ती बाजूला काढून भरपूर पाण्यात विरवा. ऑक्सिडायझर आणि इंधन एकत्र गोणीत ठेवणं धोक्याचं.

इतकं करून हे उत्पादन परवडेल का, तेही बोलतो. इथले बरेच लोक नळाच्या २५-३० अंशांच्या पाण्यात धुतात आणि परकार्बोनेट ४० अंशांखाली सुस्त असतं. टीएईडी थोडं ओढतं इतकंच. लिक्विडची बाटली आणि परकार्बोनेट-टीएईडीची सुकी पुडी असा जोड विकलात तर यातली निम्मी डोकेदुखी संपते आणि बाटली फुगायचं कारणच उरत नाही. पुडी ॲल्युमिनियम फॉइलची हवी. पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए फिल्ममध्ये मुळातच पाणी आणि ग्लिसरीन असतं. परकार्बोनेट तिला कडक करतं.

फुगलेल्या जुलैच्या बॅचचं काय करायचं तेही. झाकणं सैल करून बाटल्या सावलीत, मोकळ्या हवेत उभ्या ठेवा. सगळा माल एका बंद ड्रममध्ये ओतू नका. वायू थांबला की पातळ करून ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला) थोडा थोडा, दिवसाला फार तर एक-दोन बाटल्या, कारण फेस तर होईलच, शिवाय उरलेला पेरॉक्साइड तिथल्या जिवाणूंना मारतो.