मागच्या विंडो किती मंद कराव्यात? वाचकांचे प्रश्न

चालू विंडो उजळ ठेवून बाकीचा पडदा मंद करायचा, एवढंच या सॉफ्टवेअरचं काम. मॅकवर हेझओव्हर, लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपमध्ये ‘डिम इनॅक्टिव्ह’ नावाचा इफेक्ट, विंडोजवर ले डिमरसारखी छोटी साधनं. प्रश्न येतात ते बहुतेक सेटिंगचे.

प्रश्न : मी मुद्रितशोधन करते. मॅकवर डावीकडे मूळ पीडीएफ आणि उजवीकडे वर्डची फाइल असते. वर्डमध्ये क्लिक केलं की पीडीएफ काळवंडते आणि अनुस्वारसुद्धा नीट दिसत नाहीत. हेझओव्हर बंदच करू का? (पुणे)

उत्तर : बंद करू नका, आधी मंद करण्याची तीव्रता खाली आणा. पडद्यावरचा शुभ्र पांढरा म्हणजे २५५ आणि पूर्ण काळा म्हणजे ० धरा. ४० टक्के तीव्रतेवर तो १५३ वर येतो, ६० टक्क्यांवर १०२ वर. काळी अक्षरं आधीच काळी असल्यामुळे ती बदलत नाहीत. कागद तेवढा करडा होतो. पांढऱ्यावर काळं असताना कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि कागद यांच्या उजळपणातलं प्रमाण, २१ : १ असतो. तो ४० टक्क्यांवर साधारण साडेसात, तर ६० टक्क्यांवर पावणेचारच्याही खाली जातो. वेब सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो. म्हणजे वाचायच्या विंडोसाठी ५० टक्के ही शेवटची मर्यादा, आणि अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्या डोळ्यांना तर तीही जास्तच. १५ ते २० टक्के ठेवा. चालू विंडो कोणती हे तेवढ्यानेही कळतं.

याहून सोपी युक्ती अशी : हेझओव्हरमध्ये एकच विंडो उजळ ठेवायची की पुढच्या अ‍ॅपच्या सगळ्या विंडो, हे निवडता येतं. दुसरा पर्याय घ्या आणि दोन्ही मजकूर एकाच अ‍ॅपमध्ये दोन वेगळ्या विंडोत उघडा. उदाहरणार्थ, क्रोमच्या एका विंडोत पीडीएफ आणि दुसऱ्या विंडोत गूगल डॉक्स. मग दोन्ही उजळ राहतात आणि मागचं मेल-चॅट तेवढं मंद होतं. मात्र दोन टॅब नकोत, दोन विंडोच हव्यात.

आणि पीडीएफ सरकवायला तिच्यात क्लिक करू नका. मॅकवर माउसचा बाण नुसता तिच्यावर नेऊन स्क्रोल केलं तरी ती सरकते. वर्डमधला कर्सर जागचा हलत नाही आणि पडद्याची उघडझापही टळते.

प्रश्न : ऑफिसच्या पीसीवर विंडोज ११ आहे, बाहेरचं काहीही टाकायला परवानगी नाही. टॅली, एक्सेल, आउटलुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं उघडं असतं. कधी कधी एका विंडोसाठीचा आकडा भलत्याच विंडोत टाइप होतो. (नाशिक)

उत्तर : विंडोजमध्ये मागच्या विंडो मंद करायची अंगभूत सोय नाही. तुमची खरी अडचण चालू विंडो न ओळखता येण्याची आहे, आणि तिला उपाय आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग कलर्स. सगळ्यात खाली टायटल बार (विंडोच्या वरची नावाची पट्टी) आणि विंडोच्या कडांना अ‍ॅक्सेंट रंग, म्हणजे तुम्ही निवडलेला ठळक रंग, देण्याचं बटण आहे, ते चालू करा. रंग गडद नारिंगी किंवा लाल निवडा. निळा नको, तो बाकीच्या पसाऱ्यात मिसळून जातो. ज्या विंडोत टाइप होणार तिलाच हा रंग येतो. काही प्रोग्राम टायटल बार स्वतः रंगवतात, तिथे फक्त बारीक कड रंगेल. तीही कामाला येते.

एकाच फाइलवर बसायचं असेल तेव्हा विंडोज आणि होम ही बटणं एकत्र दाबा. चालू विंडो सोडून बाकी सगळ्या खाली जातात आणि तीच बटणं पुन्हा दाबली की परत येतात. आउटलुक-व्हॉट्सअ‍ॅपसाठी विंडोज-कंट्रोल-डी दाबून वेगळा डेस्कटॉप करा. विंडोज-कंट्रोलसोबत डावा-उजवा बाण दाबला की येजा होते.

राहिला टास्कबार. त्यावर लुकलुकणारं चिन्ह कुठलंही मंद करणारं सॉफ्टवेअर थांबवत नाही, आणि हलणाऱ्या गोष्टीकडे डोळा आपोआप जातोच. पर्सनलायझेशनमध्ये टास्कबार, त्यात टास्कबार बिहेवियर्स. तिथली फ्लॅशिंगची (लुकलुकण्याची) आणि बॅजची (चिन्हावरच्या आकड्याची) अशा दोन्ही खुणा काढून टाका.

प्रश्न : डार्क मोड वापरतो. तीव्रता ४० ठेवूनही फरकच जाणवत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : जाणवणार नाहीच. डार्क मोडची पार्श्वभूमी ३० च्या आसपास असते. ४० टक्क्यांनी ती १८ होते. हा फरक डोळ्याला कळत नाही. कळतं ते अक्षरांचं मंद होणं, साधारण २२० वरून १३२. एक तर तीव्रता ६० ते ७० करा किंवा चालू काम लाइट मोडमध्ये ठेवा. डार्क मोड आणि मंद पार्श्वभूमी एकत्र वापरण्यात फारसा अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ऑनलाइन तास घेताना विद्यार्थी म्हणतात, ‘मॅडम, स्क्रीन काळी दिसते.’ (फोंडा)

उत्तर : अशी साधनं चालू विंडोच्या अगदी मागे एक अर्धपारदर्शक काळी विंडो पसरतात. पूर्ण स्क्रीन शेअर केली की तीही सोबत जाते; पूर्ण पडद्याच्या स्क्रीनशॉटमध्येही उमटते. तुम्ही मीटिंगच्या चॅटमध्ये क्लिक करता तेव्हा स्लाइडची विंडो मागे पडते आणि मुलांना काळी दिसते. शेअर करताना पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त स्लाइडची विंडो निवडा. दोन-तीन विंडो दाखवायच्या असतील तर तासापुरतं सॉफ्टवेअर बंद ठेवा.

प्रश्न : याने लॅपटॉपची बॅटरी वाचते का? (ठाणे)

उत्तर : एलसीडी पडद्यावर नाही. तिथे मागचा दिवा तसाच जळत असतो, काळा रंग फक्त त्याचा प्रकाश अडवतो. ओएलईडी पडद्यावर मागचा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून तिथे थोडी वाचते. एवढ्यासाठी मात्र हे घेऊ नका.

प्रश्न : केडीईमध्ये डिम इनॅक्टिव्ह लावलं, पण माउस हलवला की पडदा लुकलुकतो. शिवाय संदर्भासाठी शेजारी ठेवलेली विंडो उजळ राहत नाही. (बंगळूर)

उत्तर : तुमच्याकडे माउसमागे फोकस जाण्याची सेटिंग चालू असणार. बाण ज्या विंडोवरून जाईल ती उजळते आणि आधीची मंद होते. सिस्टम सेटिंग्जमध्ये विंडो बिहेवियर, त्यात फोकस. तिथे क्लिकने फोकस जाईल असं करा. ही सवय सोडवत नसेल तर फोकसचा विलंब ४०० ते ५०० मिलिसेकंद करा, म्हणजे नुसता ओलांडून जाणारा बाण काही बदलणार नाही.

संदर्भाच्या विंडोसाठी तिच्या टायटल बारवर राइट क्लिक करून ती ‘कीप अबव्ह’ करा. मग डेस्कटॉप इफेक्ट्समध्ये डिम इनॅक्टिव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कीप अबव्ह’ विंडोंची खूण काढा. ती विंडो आता कायम उजळ राहील. पण ती सगळ्यांच्या वरही राहणार, तेव्हा अरुंद करून एका कडेला लावा, नाहीतर कामाच्या विंडोवरच येऊन बसेल.