शरीयत १४०० वर्षांत बदललीच नाही, हे खरं आहे का?

नाही. आमच्या घरी भिंतीवर नमाजाचं कॅलेंडर आहे, त्यात असरचे, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाचे, दोन रकाने आहेत. मध्यान्हीची सावली सोडून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की आमची शाफई असर सुरू होते, दुप्पट झाली की हनफी. शाफई आणि हनफी हे सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मकायद्याच्या परंपरांपैकी, दोन. कुराण दोघांचं एकच. वेगळा आहे तो फिकह, म्हणजे माणसांनी लावलेला अर्थ. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, कारण आमचं नातं समुद्रापलीकडच्या अरब व्यापाऱ्यांशी. उत्तरेत सुलतान आणि मोगलांमुळे हनफी रुजला. खुद्द इमाम शाफईंनी इराकमध्ये दिलेली कितीतरी मतं इजिप्तला गेल्यावर बदलली, आणि आमचे मौलवी आजही त्यांचा 'जुना कौल' आणि 'नवा कौल' वेगळा शिकवतात.

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलंय. अब्बांच्या चाळिसाव्याला. फातिहा झाली, पाहुणे जेवून गेले, अम्मी आत पडून होती. भाईने पलंगावर एक टाइप केलेला कागद ठेवला. हक्कसोडपत्र. रत्नागिरीकडचं घर आणि हापूसची कलमं. माझ्या आणि धाकटीच्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, सही कुठे करायची त्यासाठी. मी म्हटलं, "भाई, हा कुठला मजहब?" तर म्हणाला, "आपल्या घराण्यात बहिणी जमीन घेत नाहीत. शरीयत काय आज बदलायची आहे का?"

हाच भाई लहानपणी आम्हाला हनफी शेजाऱ्यांच्या वेळेवर असर पढू द्यायचा नाही. उशीर होतो म्हणायचा.

मी त्याच कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. ३२ हिस्से करा. आठवा भाग अम्मीचा, म्हणजे ४. उरले २८. मुलाला दोन मुलींएवढं, म्हणून भाईला १४, आम्हा दोघींना सात-सात. यात कुठल्याच इमामाचा वाद नाही. चारही मजहब, हेच उत्तर. कुराणातल्या सूरह निसाच्या सातव्या आयतीत तर बायकांचा हिस्सा सांगताना थोडं असो की जास्त, ठरवून दिलेला हिस्सा, असं स्पष्ट आहे. जिथे मतभेद होते तिथे भाई कट्टर, आणि जिथे मतभेदच नव्हते तिथे रिवाज पुढे. भाईची ही चाल आहे, आणि मी ती कधीच मान्य करणार नाही.

चाल नवी नाही. १८४७ साली इथेच मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन या मुसलमान जमातींतल्या मुलींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला होता. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी जमातीचा रिवाज धरला आणि मुली हरल्या. पुढे १९३७चा शरीयत कायदा रिवाज मोडायला आला, पण त्यातून शेतजमीन वगळली. जमीनदारांना कोण दुखावणार? भाईच्या वकिलाने पहिल्याच भेटीत नेमकं तेच कलम काढलं.

उलटी उदाहरणंही मुंबईचीच. शाफई फिकहात कुमारिकेच्या निकाहाला वली, म्हणजे बाप किंवा तसा पालक, लागतो, हनफीत सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते. १८६४ला मुंबई हायकोर्टाने मान्य केलं की वयात आलेली शाफई मुलगी हनफी होऊन बापाच्या संमतीशिवाय लग्न करू शकते. आणि नवरा बेपत्ता झालेल्या हनफी बाईला जन्मभर वाट बघावी लागायची, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या पक्क्या हनफी आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, मालिकी मजहबाचा आधार घेतला. त्यातूनच मुस्लिम विवाह-विच्छेदाच्या १९३९च्या कायद्यात चार वर्षं बेपत्ता नवऱ्यापासून सुटका आली. म्हणजे आलिमांना वाट काढायची होती तेव्हा ती निघाली.

तुम्ही बहुधा परीक्षेसाठी विचारत असाल, तर चार मजहब आणि शियांचा जाफरी फिकह एवढं नीट वाचा, तेवढं पुरे. पण घरात असा कागद समोर आला असेल तर चाळिसाव्याला, जेवणाच्या ताटावरून उठून, कशावरही सही करू नका. आधी सातबारा काढा. मुलाहिजा बाळगणाऱ्या बहिणींना पुढे कोणी विचारत नाही, हे मी आमच्या फुफूंचं, म्हणजे आत्यांचं, बघितलंय. दोघी सही करून मोकळ्या झाल्या, आणि त्यांच्या म्हातारपणी त्यांना माहेरी एक खोली मिळाली नाही.

एक सांगायचं राहिलं. मी आलिमा नाही, वकीलही नाही, आणि शेतजमिनीचं गणित राज्यागणिक वेगळं पडतं, तेव्हा वारसाहक्काची प्रकरणं चालवणारा वकील गाठा. आणि सगळे भाऊ असे नसतात. माझ्या मावसभावाने न मागता बहिणींची नावं चढवली.

आमच्या कागदावर धाकटीने सही केली. माझी फुली अजून तशीच आहे, पेन्सिलीची.