लुनाला डिस्क ब्रेक, आणि साडूंची पॉलिसी

प्रश्न : वय 42, अहिल्यानगरला खासगी नोकरी, महिन्याला हातात 62 हजार. वडिलांची 1986 ची लुना वाड्याच्या बोळात वीस वर्षं पडून आहे. रुंद रिम-टायर, पुढे डिस्क ब्रेक, इंजिन बोअर, रंग आणि क्रोम असं सगळं करून द्यायचे पुण्याचा गॅरेजवाला 85 हजार सांगतो. मुलगा अकरावीत आहे, क्लासला नेईल. पुढेमागे विकली तर दीड लाख सहज येतील. साडूंनी दिलेल्या विमा पॉलिसीचे वर्षाला 1 लाखाचे चार हप्ते भरलेत. एकूण दहा भरायचे, विसाव्या वर्षी 20 लाख, म्हणजे दुप्पट. विमा 11 लाखांचा. तिच्यावर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज मिळतंय. पैसे आपलेच आहेत, तर घ्यावं का? घराचं कर्ज 22 लाख बाकी आहे. मावा दिवाळीपासून बंद केलाय, ते पैसे हप्त्याला जातील.

उत्तर : कर्ज घेऊ नका. हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण पत्रातली काळजीची गोष्ट लुना नाही, आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही.

आधी लुना उरकू. नगरच्याच कारखान्यात तयार होणाऱ्या गाडीबद्दल नगरच्या माणसाला मी काय सांगावं! माझ्या मामांच्या लुनावर डबलसीट बसलं की चढाला ते दोन्ही पायांनी पेडल मारायचे आणि मागून मी उतरून ढकलायचो. एवढ्याशा इंजिनाला रुंद टायर ओढायला लावलेत की तोच चढ परत येणार. डिस्क ब्रेकचं तर आणखी वेगळं. पुढचं चाक धरणारा मूळचा बारीक फोर्क त्या ब्रेकचा झटका सोसायला बनलेलाच नाही; फोर्क बदला, मग हब बदला, मग आणखी काही. 85 चे एक लाख दहा होतात ते असे.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. इंजिन बोअर केलंत, म्हणजे सिलिंडर रुंद केलंत, तर आणखी गंमत : सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. बोअर करून ती मर्यादा ओलांडली की मुलाचं लायसन्स त्या गाडीला चालत नाही.

1986 च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, म्हणजे 2001 मध्ये संपली. नूतनीकरणाचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, विम्याचाही नाही. बिनविम्याच्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि त्या रकमेला वरची मर्यादा नाही. म्हणून पहिला खर्च आरटीओचा आणि थर्ड पार्टी विम्याचा. उशिराचा दंड महिन्यांच्या हिशेबाने चढतो, तो आकडा आधी विचारून घ्या.

दीड लाखाची आशा सोडा. जुन्या गाड्यांचे शौकीन मूळ रूपाला पैसे मोजतात, दुसऱ्याच्या हौसेला नाही. सरकारच्या 2021 च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तुमच्या लुनाला तो मान 2036 मध्ये मिळेल, तोही हात लावला नाही तर.

आता पॉलिसी. 'दुप्पट' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. किती वर्षांत दुप्पट, ते साडू सांगत नाहीत. तुमचा पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं, सरासरी साडेपंधरा. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की व्याजाचा ढोबळ दर निघतो : इथे साडेचार टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये भरले असते तर आजच्या 7.1 टक्क्यांनी 29 लाखांच्या पुढे गेले असते. आणि आता साडेचार टक्क्यांनी वाढणारे पैसे तारण ठेवून तुम्ही साडेनऊ टक्क्यांनी उचलणार. पैसे तुमचे, व्याजही तुम्हीच भरायचं!

पण रागाच्या भरात पॉलिसी मोडूही नका. चार वर्षांनंतर हमीचं सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या निम्मं, म्हणजे तुमच्या हाती 2 लाख. ती पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर दहापैकी चार हप्त्यांच्या प्रमाणात साधारण 8 लाख विसाव्या वर्षी मिळतील. 2 चे 8 सोळा वर्षांत, म्हणजे आठ वर्षांत दुप्पट : नऊ टक्के. पुढचे सहा हप्ते भरत राहिलात तर त्या 6 लाखांचे 12 होतील, पण सव्वापाच टक्क्यांनी. तेव्हा मोडायची नाही, भरायची नाही, पेड-अप करायची. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या, साडूंकडून नको.

आणि आता खरी चूक. 22 लाखांचं कर्ज, शिकणारा मुलगा, घरात एकच पगार आणि विमा 11 लाख. उद्या तुम्ही नसलात तर त्यात निम्मंच कर्ज फिटेल, आणि दुसऱ्या महिन्याच्या किराण्याला घरात काय उरेल? वर्षाला 1 लाख भरून 11 लाखांचं संरक्षण घेतलंत. तुमच्या वयाच्या निरोगी माणसाला साठीपर्यंत 1 कोटीचा टर्म विमा (माणूस गेला तरच पैसे देणारा, नुसत्या संरक्षणाचा) वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडतो, आणि सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. तुम्हाला मात्र जास्त पडेल, दीडपट धरा. कारण अर्जात सहसा गेल्या बारा महिन्यांतली तंबाखू विचारतात, आणि मावा म्हणजे तंबाखूच. दिवाळीपासून बंद असला तरी 'हो' लिहा. वर्षाचे दहा हजार वाचवायला तिथे खोटं लिहिलंत तर दावा नाकारायला कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं, आणि कचेऱ्यांच्या खेपा वहिनी मारतील.

क्रम चुकवू नका. पेड-अप केल्यावर 11 लाखांचा विमा साडेचारच्या घरात येतो. म्हणून आधी टर्मचा अर्ज, वैद्यकीय तपासणी, पॉलिसी हातात. मगच मार्चच्या हप्त्याचं बँकेतलं ऑटो-डेबिट थांबवा. त्या 1 लाखातून टर्मचे 30 हजार गेले की 70 उरतात. त्यातले 55 पीपीएफला घाला, 15 लुनाला.

15 हजारांत मूळ मापाचे नवे टायर, ब्रेक शू, केबल, घट्ट केलेले स्पोक, कार्ब्युरेटरची सफाई आणि वडिलांच्या वेळचा रंग एवढं नगरमधला एखादा जुना मेकॅनिक करून देईल. आरटीओ आणि विम्याचा खर्च वेगळा धरा. तो मावा सोडून वाचलेल्या पैशांतून करा.

साडूंचा फोन येईलच, कारण हप्ता थांबला की त्यांचं कमिशनही थांबतं. त्यांना एवढंच विचारा, की तुमचा स्वतःचा टर्म विमा कितीचा आहे?