वाचकांचे प्रश्न : कोरड्या खाद्यासोबत कच्चं मांस

प्रश्न : आमची कुत्री पाच वर्षांची, २० किलो वजनाची, नसबंदी झालेली आहे. ती कोरडं खाद्य खाते. त्यात थोडं कच्चं चिकन घालायचा विचार आहे. पण दोन्हींचा पचनाचा वेळ वेगळा, एकत्र दिलं तर पोटात सडतं, म्हणून मध्ये काही तास जाऊ द्यावेत, असं ऐकलं. खरं आहे का? आणि किती द्यावं?

उत्तर : अंतर ठेवायची गरज नाही. निरोगी कुत्र्याच्या जठरात दाणे आणि मांस एकाच आम्लात घुसळले जातात आणि बारीक होतील तसे आतड्यात सरकतात. जठर रिकामं व्हायला लागणारा वेळ जेवण केवढं, त्यात चरबी किती, तुकडे किती मोठे यावर ठरतो. पोट बिघडतं ते बहुधा अचानक केलेल्या बदलाने किंवा चरबीने. दोष मात्र मिश्रणाला दिला जातो.

काटेकोर राहायचं ते प्रमाणाबाबत. तिची दिवसाची गरज साधारण १,०५० किलोकॅलरी धरा (वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०, गुणिले १.६). वरच्या खाण्यातून, म्हणजे मांस, बिस्किटं सगळं धरून, याच्या १० टक्क्यांहून जास्त जाऊ नये. म्हणजे सुमारे १०० किलोकॅलरी. कातडी आणि हाडं काढलेलं चिकन ९० ग्रॅम. तेवढ्या कॅलरी कोरड्या खाद्यातून कमी करा. पाकिटावर १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी लिहिलं असेल तर साधारण २८ ग्रॅम. इथेच गफलत होते. ९० ग्रॅम मांस घातलं म्हणून ९० ग्रॅम दाणे काढले तर कुत्री हळूहळू वाळत जाते, कारण मांसात तीन चतुर्थांश पाणीच असतं. काहीच कमी केलं नाही तर वजन वाढतं.

१० टक्क्यांची मर्यादा कॅल्शियममुळे महत्त्वाची. हाडाविना १०० ग्रॅम मांसात फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम, कॅल्शियम जेमतेम १०. आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं हवं. निम्मं ताट मांसाचं झालं तर पाकिटातलं कॅल्शियम पुरत नाही आणि शरीर ते हाडांतून ओढून घेतं. वाढत्या पिल्लांची हाडं त्यामुळे वाकतात, मोडतात; त्यांच्या बाबतीत प्रयोग नकोतच. जास्त कच्चं द्यायचंच असेल तर लेबलवर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलेलं तयार कच्चं खाद्य घ्या.

सुरुवात २० ग्रॅमने करा आणि आठ-दहा दिवसांत ९०वर न्या. शी पातळ झाली की आधीच्या प्रमाणावर परत या. रक्त दिसलं किंवा उलट्या थांबत नसतील तर लगेच पशुवैद्य.

प्रश्न : दात साफ राहावेत म्हणून कच्चं हाड चालेल का?

उत्तर : आम्ही सुचवणार नाही. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण कच्च्या नळीच्या हाडावरही वरची मोठी दाढ फुटते. हाडं जास्त झाली की शी पांढरी, खडूसारखी होते आणि कुत्रा कुंथत बसतो. दातांसाठी ब्रश बरा.

प्रश्न : मांस काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात ना? घरात दोन वर्षांचं मूल आहे.

उत्तर : नाही. गोठवल्याने काही परजीवी मरतात. साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे जिवाणू तग धरतात आणि मांस वितळलं की पुन्हा वाढतात. कुत्रा ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या शीतून साल्मोनेला बाहेर पडत असू शकतो. तोंड, भांडं, फरशी, मुलाचा हात, अशी ती वाट आहे. म्हणून लहान मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस घरात असेल तर मांस शिजवूनच द्या. कच्चं शिजवलेल्यापेक्षा जास्त पौष्टिक असतं, हे सिद्ध झालेलं नाही. आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस झालं की पुरे. मीठ, मसाला, कांदा, लसूण नको.

असं कुणी घरात नसेल आणि कच्चंच देणार असाल, तर ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात वितळू द्या, ओट्यावर नाही. भांडं वेगळं ठेवा. कोरडे दाणे दिवसभर भांड्यात राहू देण्याची सवय अनेकांना असते. मांसाचं पाणी लागलेले दाणे तसे ठेवले तर त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. वीस-तीस मिनिटांत उरलेलं टाकून द्या आणि भांडं, सुरी, पाट गरम पाणी आणि साबणाने धुवा. कच्चं मांस नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळीकडे उडतात.