आठवी इंडियन डिव्हिजन आणि इटलीतील मराठा पलटण

प्रश्न : माझ्या पणजोबांच्या जुन्या कागदांत ‘१/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, ८ इंडियन डिव्हिजन, इटली’ अशी नोंद सापडली. मराठा रेजिमेंट आम्हांला ठाऊक आहे. पण ही डिव्हिजन म्हणजे काय आणि युद्धात तिने काय केले?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : रेजिमेंट हे सैनिकाचे घराणे, तिथे त्याची भरती होते, नाव लागते, निष्ठा जडते. डिव्हिजन मात्र लढाईसाठी उभारलेली फौज असते. तिच्यात वेगवेगळ्या रेजिमेंटांच्या पलटणी, तोफखाना, सॅपर्स (पूल-रस्ते बांधणारे सैनिक), सिग्नल्स (संदेशवहन) आणि वैद्यकीय पथके एका सेनापतीच्या हाताखाली एकत्र येतात. आपल्या पणजोबांची १/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण), म्हणजे ‘जंगी पलटण’, आठव्या डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये, म्हणजे तीन पलटणींच्या गटात, होती आणि त्याच ब्रिगेडमध्ये तिच्या बरोबरीने ३/१५ पंजाब व रॉयल वेस्ट केंट या ब्रिटिश रेजिमेंटची पाचवी पलटण लढत होती.

ही डिव्हिजन १९४० साली मेरठ येथे उभी राहिली. इराक आणि इराणमधील कामगिरीनंतर सप्टेंबर १९४३ मध्ये ती इटलीच्या तारांतो बंदरात उतरली. तेथून युद्ध संपेपर्यंत मेजर जनरल डडली रसेल हेच तिचे सेनापती होते.

इटलीतील तिचा इतिहास हा मुख्यतः नद्या ओलांडण्याचा इतिहास आहे. आपेनाइन पर्वतातून समुद्राकडे धावणाऱ्या प्रत्येक नदीच्या पलीकडे जर्मनांनी मोर्चे बांधलेले असत. बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो अशा एकामागून एक नद्या पावसाळी चिखलात पार कराव्या लागल्या. डिसेंबर १९४३ मध्ये मोरो नदीवर तर सॅपर्सपुढे विलक्षण पेच आला. अलीकडच्या काठावर रस्त्याला इतके तीव्र वळण होते की, बेली पूल (सुट्या लोखंडी भागांचा जोडपूल) जोडून पुढे सरकवायला जागाच नव्हती. तेव्हा त्यांनी साहित्य पलीकडे नेऊन शत्रूच्या बाजूने आपल्या बाजूकडे पूल बांधत आणला. त्याला नावच पडले ‘अशक्य पूल’. माझ्या मते या डिव्हिजनची खरी थोरवी संगिनीच्या हल्ल्याइतकीच अशा कामांत आहे, आणि आपल्याकडे त्याविषयी फारच कमी लिहिले गेले आहे.

मे १९४४ मध्ये रोमच्या वाटेवरील कासिनोच्या अखेरच्या लढाईत तिने गारी नदी ओलांडली. १२ मे रोजी ३/८ पंजाब पलटणीचे अवघ्या एकोणीस वर्षांचे शिपाई कमल राम यांनी मशीनगनचे मोर्चे निकामी करून व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळवला. पुढे फ्लॉरेन्सकडे सरकताना, मोंतेगुफोनीच्या गढीत मराठा पलटणीच्या पहाऱ्यात एक अजब ठेवा आला : युद्धापासून जपण्यासाठी संग्रहालयांतून हलवलेली चित्रे, ज्यांत बोत्तिचेल्ली या जुन्या इटालियन चित्रकाराचे प्रसिद्ध ‘प्रिमावेरा’ही होते.

मराठी वाचकांना सर्वांत जवळचा प्रसंग ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळचा, सेनियो नदीवरचा. नदीचे पात्र जेमतेम पंधरा फुटांचे. पण दोन्ही बाजूंचे पूरबांध तीस ते पस्तीस फूट उंच, मशीनगनच्या मोर्चांनी पोखरलेले आणि आतल्या उतारावर सुरुंग पेरलेले. अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव कंपनी कमांडरचे संदेशवाहक होते. गळ्यापर्यंतच्या पाण्यातून तुकडी पलीकडे निघते तोच मागच्या, म्हणजे पूर्वेकडच्या बांधावरून गोळीबार झाला. कमांडर व दोन जवान जखमी झाले आणि बाकीचे कामी आले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून व सुरुंगांतून सुरक्षित जागी आणले. मग ते एकट्याने मोर्चांवर तुटून पडले. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा त्यांनी हातबाँब फेकून उरलेले दोन मोर्चे बंद पाडले. बाँब संपले तेव्हा बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. अखेर तोफगोळ्यांच्या माऱ्यात बांधावर उघडे उभे राहून, मराठ्यांची युद्धगर्जना करीत त्यांनी उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्याच दिवशी, त्याच नदीवर, याच डिव्हिजनच्या १३ फ्रंटियर फोर्स रायफल्समधील अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. जाधवांचे नाव इथे घरोघरी आहे. हैदर यांचेही त्याच आदराने घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

एक गल्लत मात्र टाळावी. व्हिक्टोरिया क्रॉसचे दुसरे मराठा मानकरी नाईक यशवंत घाडगे हेही इटलीतच लढले; पण त्यांची ३/५ मराठा पलटण दहाव्या डिव्हिजनमध्ये होती.

अधिक माहितीसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहावे आणि त्यात पणजोबांचा सैनिक क्रमांक, पलटण व भरतीचे वर्ष अवश्य द्यावे. आपल्या कुटुंबातील कोणी तिकडेच कामी आले असल्यास सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानभूमीतील दहनस्मारकावरही नाव शोधावे. ज्या भारतीय सैनिकांवर अग्निसंस्कार झाले, त्यांच्यापैकी अनेकांची नावे तेथे कोरलेली आहेत.